शालन, तुझा पट्ट्यांचा डबा

शालन, काल तुझी शोकसभा झाली. तिथं जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. डी.एड.च्या वसतिगृहापासून शाळेतली बरीवाईट प्रत्येक गोष्ट मी आधी तुला सांगत आले आणि तू ती निम्मी ऐकून "तुजंच चुकलं आसंल बग वसू" असं म्हणत आलीस. आता तसं म्हणायलाही कुणी नाही. तरी सांगते. सवय आहे.

सभेत लोक तुझ्याबद्दल जे बोलले ते मात्र सांगत बसत नाही. कुठं जन्मलीस, कुठल्या शाळांवर होतीस, हे सगळं मुख्याध्यापकांनी कागदावर उतरवून आणलं होतं आणि त्यातही तुझं माहेर चुकवलं. वडूजच्या अलीकडचं गाव उचलून पार पलीकडं नेऊन ठेवलं. तू असतीस तर उठून तिथल्या तिथं दुरुस्त केलं असतंस. मी बसून राहिले. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. शाळा उघडलीय, पहिलीत नवी पोरं आलीत, आणि पहिलीच्या वर्गाला बाई नाही. आपलं शेवटचं भांडण ह्याच वर्गावरून झालं होतं. माझी पहिली तू घे, असा तुझा हट्ट होता. माझं उत्तर न ऐकताच तू गेलीस, कारण मी ते दिलंच नव्हतं.

साताऱ्याच्या वसतिगृहात तू लोखंडी पेटी घेऊन खोलीत शिरलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सांगली शहरातली, घरी दोन-दोन वर्तमानपत्रं येणारी, शुद्धलेखनात कधीच गुण न गमावलेली. तू दाराशी उभी राहून विचारलंस, "ही खाट रिकामी हाय का गं?" मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "आहे का, असं म्हणावं." तू पेटी खाली ठेवलीस, कमरेवर हात ठेवलेस आणि म्हणालीस, "बरं बाई. मंग आहे का?" तिथून आपलं जे सुरू झालं ते तुझी वाचा जाईपर्यंत थांबलं नाही. मी तुझे शब्द दुरुस्त करायची आणि तू माझा बाकी सगळा संसार.

आणि त्या पट्ट्या. त्यांची सुरुवातही तिथलीच. तुझ्या बहिणीच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा तू पेटीत घालून आणला होतास. माझी समजूत अशी की तू गावाकडच्या आठवणीनं आणला असशील. तू मात्र कात्री घेऊन बसलीस, पत्रिका उभ्या कापल्यास आणि कोऱ्या बाजूवर जाड लाल पेनानं लिहायला लागलीस. ऊठ. बस. पाटी घे. दाराला हात लाव. सराव पाठाला आपण त्या शाळेत गेलो तेव्हा सगळ्याजणी चित्रं घेऊन आल्या होत्या. मी स्वतः कमळ, मगर आणि बदक रंगवून नेलं होतं आणि बदक मला फार छान जमलं होतं. तुझ्या हातात फक्त ह्या पट्ट्या. फळ्यापुढं उभी राहिलीस आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाहीस. नुसती पट्टी वर धरलीस. पोरं बघत राहिली, मग एकजण उठला, मग सगळा वर्ग उठला. तू दुसरी पट्टी धरलीस, वर्ग बसला. तिसरी धरलीस आणि अख्खा वर्ग दाराला हात लावायला धावला. आमच्या निरीक्षक बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पाठाचा अभिप्राय मी लिहायचा होता. मी काय लिहिलं ते तू मला जन्मभर ऐकवलंस, तेव्हा ते इथंही लिहिते. मी लिहिलं होतं, "मुले वाचत नाहीत. पुढच्या बाकावरचा एक मुलगा वाचतो आणि बाकीची मुले त्याचे बघून करतात." चूक नव्हतं ते. आजही म्हणेन, चूक नव्हतं. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मेसमध्ये भाकरीसुद्धा मला न देता पलीकडच्या पोरीला द्यायचीस. आणि पुढच्या पाठाला आलीस ती एक नवी पट्टी घेऊन. डोळे मिट.

त्या पट्टीचा नियम तू पोरांना एकदाच तोंडानं सांगायचीस, बाकी सगळा खेळ मुका. डोळे मिटले की बाईंचा हात डोक्याला लागल्याशिवाय उघडायचे नाहीत. वर्ग डोळे मिटून बसायचा आणि तू एकेकाजवळ जायचीस. डोक्यावर हात ठेवायचा, पोरानं डोळे उघडायचे, त्याच्यासमोर त्याची एकट्याची पट्टी. बघून करायला शेजारचा नाही, कारण शेजारी डोळे मिटून बसलेला. वाचलं तर वाचलं, नाही तर नाही. कोण खरं वाचतंय आणि कोण रेटून नेतंय ते तुला त्या एका फेरीत कळायचं. पाठ संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणालीस, "घे. आता काय लिवतीस लिव." मी काही लिहिलं नाही. तुझ्या वाट्याची भाकरी मात्र त्या दिवशी मी आणली.

पुढं तुला वाड्यावस्त्यांवरच्या शाळा मिळाल्या आणि मला कुंडलजवळची. उसाच्या पट्ट्यात माझी पोरं चांगली खाऊनपिऊन असलेली, शिकवणीला जाणारी. मी चौथीची बाई झाले आणि चौथीचीच राहिले. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, उताऱ्यावरचे प्रश्न. माझी पोरं उतारा वाचून पाचच्या पाच उत्तरं बरोबर लिहायची आणि पालक पेढे घेऊन यायचे. तू प्रत्येक गावात पहिली मागून घ्यायचीस. लोक पहिली नको म्हणून वशिले लावतात आणि ही बया पहिली द्या म्हणून मागं लागते, असं तुझे मुख्याध्यापक सांगायचे. मग माझी आंतरजिल्हा बदली झाली, यांची बँकही वडूजला आली, आणि नशीब असं की मी तुझ्याच शाळेवर रुजू झाले. मधल्या सुट्टीत आपले डबे एकत्र उघडायला लागले आणि भांडण जिथं सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू झालं.

एव्हाना तुझ्या त्या पट्ट्यांचा पत्र्याचा डबा भरला होता. बिस्किटांचा जुना डबा, झाकणावरची बाई पुसून गेलेली. जुन्या पट्ट्या मळल्या की तू नव्या करायचीस आणि त्यासाठी पत्रिका तुला कधी कमी पडल्या नाहीत. तुझी पोरं मोठी व्हायची, लग्नाची पत्रिका घेऊन घरी यायची, आणि पत्रिका देताना हसून विचारायची, "बाई, आमच्या पत्रिकेवर काय लिवणार?" तू लग्नाला जायचीस, आहेर करायचीस, जेवायचीस आणि घरी येऊन पत्रिका कापायचीस. 'उडी मार' ह्या पट्टीच्या पाठीमागं कुणाचा तरी शुभमुहूर्त असायचा, 'पाणी पी'च्या मागं अर्धा गणपती. दत्ताच्या पत्रिकेवर तू 'धाव' लिहिलंस. तो आता महाबळेश्वरात टॅक्सी चालवतो आणि बायकोला ते अजून सांगतो.

ते विस्तार अधिकारी आठवतात? नवीन आले होते, कडक म्हणून ख्याती. तुझ्या वर्गात शिरले तर सगळी पोरं बेडूकउड्या मारत होती आणि बाई गप्प उभ्या. त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, "भाषेचा तास आहे ना हा? मुलांना क्रियापद म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?" मी माझ्या वर्गाच्या दारातून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, आता बरी सापडली. तू डब्यातून पट्टी काढलीस आणि साहेबांच्या समोर धरलीस. टाळ्या वाजव. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात येईपर्यंत तीन-चार वाजवूनही झाल्या होत्या. पोरं खदाखदा हसली, मग साहेबही हसले. नंतर डबा खाताना तू म्हणालीस, "एकदा वाचाय आलं का मंग माणसाला थांबवता येत न्हाई गं वसू. डोळं आपलं आपून वाचत्यात." मी म्हटलं, ते ठीक आहे, पण क्रियापदाची व्याख्या तू काही सांगितली नाहीस. तू माझ्या डब्यातली लोणच्याची फोड उचललीस आणि म्हणालीस, "ती तू सांग की चौथीत. तेवढ्यासाठीच तर ठिवलीया तुला."

आपलं भांडण खरं तर एकच होतं, रोज नवा सदरा घालून यायचं. मी म्हणायची आधी नावं शिकव. कमळ, बदक, घर, नदी. पुस्तकात तसंच आहे. शब्दसंग्रह वाढला पाहिजे, वस्तूचं नाव कळलं की पोर बोलायला लागतं. तू म्हणायचीस, "आमच्या खटावात नदी कुटनं दाखवू पोरास्नी? आन बदक तर म्या सुदिक तुज्याच चित्रात बघितलं. ऊठ, बस, ये, जा हे तर पोराच्या अंगात हाय. अंगातलं आधी वाचू दे, मंग भाईरचं वाचंल." शिवाय तुझी पोरं 'न्हाई' आणि 'कवा' लिहीत माझ्यापर्यंत यायची आणि मला चौथीत ते सगळं निस्तरावं लागायचं. एकदा चिडून मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "पहिली कुणीही घेईल. चौथीला बाई लागते." तुला राग आला नाही. तू फक्त एवढंच म्हणालीस, "मंग घे की एकदा."

मी घेतली नाही. का, ते तुला ठाऊक होतं. आपण ते कधी उघड बोललो नाही, आज मीच बोलते. एकदा तू रजेवर होतीस आणि मला तुझ्या वर्गावर जावं लागलं. मी एका मुलीपुढं पट्टी धरली. तिला येत नव्हतं. चौथीतल्या पोराला आलं नाही की ते पुस्तकात तोंड घालतं, नख खातं, खिडकीबाहेर बघतं. ही मुलगी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. नुसती बघत राहिली, आता ह्या तोंडातून ते येईल म्हणून. मला ते सोसवेना. मी शब्द सांगून टाकला आणि घंटा होईपर्यंत गाणी म्हणून घेतली. दुसऱ्या दिवशी तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "सांगायचा नसतोय. आपल्या तोंडातला शबुद तोंडातच ठेवायचा आन थांबायचं." किती वेळ, असं मी विचारलं. "लागंल तेवढा," म्हणालीस, आणि पाणी आणायला निघून गेलीस.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तुला झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. लेक सांगलीत म्हणून तिनं तुला तिकडंच नेलं, आणि मी माहेरच्या निमित्तानं दर सुट्टीला तुझ्या उशाशी येऊन बसू लागले. तिथं एक तरुण मुलगी तुला बोलायला शिकवायला यायची. फार गोड होती. ती चित्रं दाखवायची आणि विचारायची, "काकू, हे काय आहे? कप. म्हणा, कप." तिच्या हातातलं बदक बघून तू माझ्याकडं बघितलंस. अर्धं तोंड वाकडं, डोळे मात्र तेच, वसतिगृहातले. मी खोलीबाहेर जाऊन हसले आणि मग तिथंच जिन्यात बसून रडले.

तुला सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. तो डबा तुझ्याकडं कसा आला ते तुझ्या यजमानांनी, सुभेदारांनी, मला सांगितलं. तुला गावी आणल्यावर तू डाव्या हातानं कपाटाकडं खुणा करत राहिलीस आणि ते बिचारे एकेक वस्तू काढून दाखवत राहिले. लुगडी, औषधं, देवाची पोथी. शेवटी डबा काढला तेव्हा तुझा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून घर पट्ट्यांवर चालायला लागलं. ये. बस. पाणी दे. दार लाव. सुभेदार सगळं झटक्यात करायचे. मला म्हणाले, "आवं वसूताई, फौजेत एवढं हुकूम ऐकलं न्हाईत म्या. आन हिला रिपोर्ट द्यायला लागतोय ते येगळंच." बोलताना हसत होते, पण पट्टी वाचल्यावर लगेच तुझ्या तोंडाकडं बघायची त्यांनाही सवय लागली होती.

मी मात्र तुझ्यामागं लागले होते. पट्टी खाली ठेव, तोंडानं म्हण, असं म्हणायची. तू मान हलवायचीस. मला वाटायचं, पट्ट्या हाताशी आहेत म्हणून तू प्रयत्न करत नाहीस. तुला वाटत असेल, हिला अजून कळत नाही. ह्याचं उत्तर आता कोण देणार?

शाळेत तुझी पहिली वाऱ्यावर पडली होती. मुख्याध्यापकांनी पहिली-दुसरी एका खोलीत बसवली आणि स्वतः मोबाइलवर माहिती भरत त्यांच्यापुढं बसले. स्वराची गोष्ट तू मला आजारी पडायच्या आधीच सांगून ठेवली होतीस. टेकाडावरच्या वस्तीवरची, केसांत नेहमी दोन रंगांच्या रिबिनी असणारी. "ती आजून वाचत न्हाई. पर येतंय तिच्या व्हटावर, आता येईल," म्हणाली होतीस. ते ओठावरचं तसंच राहिलं. वर्ष संपलं, स्वरा दुसरीत गेली, वाचता न येताच गेली. मी रोज तिला व्हरांड्यात बघायची आणि माझ्या वर्गात जायची.

मेमध्ये मी तुझ्याकडं आले तेव्हा तू आधीच ठरवून बसली होतीस. ये, मग बस, हे नेहमीचं झालं. सुभेदारांनी चहा आणला. तू डबा मांडीवरून उचललास, डाव्या हातानं माझ्याकडं सरकवलास आणि वर एक पट्टी ठेवलीस. घे. मला कळलं. मी म्हटलं, "आधी तू बरी हो. वर्ग तुझा आहे, तूच येशील." तू पुन्हा तीच पट्टी उचलून माझ्यापुढं धरलीस. घे. मी म्हटलं, "चौथीचं काय करू? माझी दोनच वर्षं राहिलीत." तू तिसऱ्यांदा तेच केलंस. मी चहाकडं बघत बसले. मग तू डब्यात बराच वेळ चाचपलंस, पट्टी काढलीस आणि माझ्या नाकासमोर धरलीस. जा.

अशी हाकललीस मला. मी रागानं चप्पल घातली आणि खरंच निघाले. सुभेदार मागून दारापर्यंत आले, "मनावर घिऊ नका, दुखण्यानं आसं हुतंय," म्हणाले. ते दुखणं नव्हतं, हे आपल्या दोघींनाच माहीत होतं. पुढच्या आठवड्यात आले तर तू जणू काही झालंच नाही अशी पट्टी वर धरलीस. ये. मी हसले, तुझं डोकं विंचरून दिलं आणि वर्गाचा विषय दोघींनीही काढला नाही. शाळा उघडायला वेळ आहे, तेव्हा बघू, असं मी मनाशी म्हणत होते. शाळा उघडायच्या आधीच तुला दुसरा झटका आला.

तर आता कालचं.

शाळेच्या व्हरांड्यात तुझा फोटो मांडला होता. पुढं सतरंजीवर शाळेतली पोरं, मागं खुर्च्यांवर सरपंच, केंद्रप्रमुख, आपली शिक्षक मंडळी, आणि सगळ्यांच्या मागं मैदानभर तुझी पोरं. कुठल्या कुठल्या शाळांतली. सुट्टीवर आलेले फौजी, कडेवर लेकरं घेतलेल्या पोरी, साताऱ्याच्या दवाखान्यातली एक नर्स तशीच ड्यूटीवरून आलेली. दत्ता महाबळेश्वरहून आला होता. भाषणं लांबत गेली. ऊन चढत गेलं. शेवटी मुख्याध्यापकांनी सुभेदारांना दोन शब्द बोलायची विनंती केली आणि ते काखेत डबा घेऊन उठले.

माइक त्यांनी हातानं बाजूला केला. म्हणाले, "मला भाषण येत न्हाई. ती जाताना जे बोलली ते ह्यातनंच बोलली. मंग म्या बी ह्यातनंच बोलतो. समद्यांनी तिच्यासाठी जरा गप उभं ऱ्हावा." आणि त्यांनी डब्यातून शोधून काढून पट्टी वर धरली. डोळे मिट. श्रद्धांजलीला शोभेल म्हणून त्यांनी ती निवडली होती. ते तुझ्या वर्गात कधी बसले नव्हते, त्यांना काय माहीत.

सगळे उभे राहिले, सगळ्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं मुख्याध्यापकांनी शांतिपाठ म्हटला आणि "बसून घ्या" म्हणाले. खुर्च्यांवरचे बसले. सरपंचांनी घड्याळ बघितलं. मैदानात मात्र कुणीच हललं नाही. पुढची लहान पोरं डोळे मिटून उभी, मागची मोठी पोरंही डोळे मिटून उभी. मुख्याध्यापक माइकवर पुन्हा म्हणाले, "कार्यक्रम संपला आहे." तरी कुणी डोळे उघडेना. नर्सच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

सुभेदार घाबरे झाले. माझ्या खुर्चीजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, ही पोरं डोळं उघडंनात का?"

मी म्हटलं, "भाऊजी, हात लागल्याशिवाय उघडायचे नसतात."

"मंग लावा की," ते म्हणाले. "तुमालाच म्हाईत हाय त्ये."

शालन, मी उठले. डबा त्यांच्या हातातून घेतला आणि उघडला. शाळा सुटताना तू धरायचीस ती दिवसातली शेवटची पट्टी शोधून काढली. मी पहिल्यांदा दत्ताजवळ गेले. माझ्यापेक्षा फूटभर उंच, मिशा वाढवलेल्या. मी टाचा उंचावल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं डोळे उघडले. क्षणभर तो माझ्याकडं असं बघत होता जणू माझ्याजागी दुसरंच कुणी दिसायला हवं होतं. मग त्यानं पट्टी वाचली. घरी जा. त्यानं तुझ्या फोटोला हात जोडले आणि मुकाट्यानं फाटकाकडं चालू लागला. मी पुढच्याजवळ गेले.

तू त्या फेरीला एवढा वेळ का लावायचीस ते मला काल समजलं. मी तुला नेहमी बोलायची, अर्धा तास त्यातच जातो म्हणून. डोळे मिटलेलं माणूस समोर असलं की त्याच्याकडं नीट बघता येतं. ते आपल्याला बघत नसतं, काही लपवत नसतं, फक्त वाट बघत असतं. इतकी वर्षं तू रोज एकेका पोराला असं बघून घेत होतीस आणि मी शेजारच्या वर्गात विशेषणं शिकवत होते. मला तुझा फार हेवा वाटला. आणि तुझी इतकी आठवण आली की एका मुलीच्या डोक्यावरून माझा हात काही केल्या उचलेना. ती तशीच थांबली. तुझ्या हाताखालची, थांबायची सवय असलेली.

मैदान हळूहळू रिकामं झालं. शेवटी सतरंजीच्या टोकाला स्वरा राहिली. दोन रंगांच्या रिबिनी, घट्ट मिटलेले डोळे. मी खाली बसले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पट्टी धरली.

तिनं पट्टीकडं बघितलं. मग माझ्या तोंडाकडं.

शब्द माझ्या जिभेवर आला होता, शालन. नुसते ओठ हलवले असते तरी तिनं तो उचलला असता. मी दात मिटून घेतले. मंडपवाला खुर्च्या गोळा करत होता, त्यांचा खणखणाट चालला होता. सरपंचांची गाडी निघून गेली. तिची आई फाटकाशी थांबली होती, तिनं हाक मारायला तोंड उघडलं, मी हातानंच तिला थांबवलं. स्वरा माझ्याकडंच बघत होती. मीही बघत राहिले, नजर काढली नाही. मग तिला कळलं असावं की ह्या तोंडातून काही येणार नाही. तिची नजर सावकाश पट्टीवर गेली. ओठ हलले. "घ," ती म्हणाली. पुन्हा थांबली. बोट पुढं सरकलं. "घरी." आणि मग एकदम, कुणीतरी मागून ढकलल्यासारखं, "जा!"

म्हणाली आणि पळतच सुटली. मागं वळूनही बघितलं नाही. पट्टीवर तसंच लिहिलं होतं ना.

मी तिथंच बसून राहिले. सुभेदार फोटोशेजारी उभे होते. डबा परत द्यायला उठले तर त्यांनी दोन्ही हात मागं घेतले. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. घरी आता मला कोण दाखवणाराय?" म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मुख्याध्यापक ऑफिसला कुलूप लावत होते. मी म्हटलं, "सर, पहिली मी घेते." ते किल्ली हातात धरून माझ्याकडं बघतच राहिले. "बाई, मग चौथीचं काय?"

"चौथी कुणीही घेईल," मी म्हटलं.

आज सकाळी वर्ग उघडला. नवी पोरं आहेत, निम्मी रडत होती. स्वरालाही परिपाठानंतर माझ्याकडं येऊन बसायला सांगितलंय. 'घे' ही पट्टी मी डब्यात सगळ्यात वर ठेवलीय. पहिली घेतली गं, शालन. तुझ्यासमोर बसून नुसतं हो म्हणायचं होतं, तेवढं राहून गेलं.